राजाचं भगंदर

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या शरीराला खासगी असं काही नव्हतंच. तो सकाळी उठायचा तो दरबाऱ्यांच्या देखत. कुणी सदरा पुढे करायचा, कुणी मेणबत्ती धरायची हे मान ठरलेले होते आणि त्या मानासाठी सरदारांत चढाओढ चाले. शौचासाठी मधोमध भोक असलेली गादीची खुर्ची असे. राजा तीवर बसलेला असतानाही काही निवडक मंडळींना आत येण्याची मुभा होती. शिवाय त्याच्या प्रकृतीची एक नोंदवही होती. ताप कधी आला, रक्त किती काढलं, जुलाब कोणता दिला आणि तो कसा लागू पडला, हे सगळं तीत उतरवलेलं असे. वालो, दाकँ आणि फागों या तीन राजवैद्यांनी एकामागून एक ती लिहिली आणि १६४७ ते १७११ एवढ्या वर्षांची हकिकत तीत आहे.

असा हा सगळ्यांसमोर जगणारा माणूस. पण १६८६ च्या जानेवारीत गुदद्वाराजवळ गाठ आली, तेव्हा त्यानेही ती गोष्ट चार-दोन माणसांबाहेर जाऊ दिली नाही.

लुईचा जन्म ५ सप्टेंबर १६३८ चा. आईवडिलांच्या लग्नाला तेवीस वर्षं झाल्यावर झालेलं हे मूल. वडील, तेरावा लुई, आतड्याच्या जुन्या विकाराने गेले तेव्हा हा पाच वर्षांचाही नव्हता, आणि त्याच दिवशी तो राजा झाला. नवव्या वर्षी देवी आल्या. एकोणिसाव्या वर्षी युद्धाच्या छावणीत असा काही ताप भरला की दरबारात पुढचा राजा कोण याची कुजबुज सुरू झाली. वैद्यांनी अँटिमनी घातलेली दारू पाजली. अँटिमनी हे विष आहे, पण पोरगा वाचला आणि श्रेय विषाला मिळालं. वैद्यकात असे गैरसमज फार जुने आहेत. रोगी बरा झाला की शेवटचं औषध खरं ठरतं.

१६६१ पासून त्याने कारभार स्वतःच्या हातात घेतला आणि १६८२ मध्ये दरबार व्हर्सायच्या राजवाड्यात हलवला. युरोपातला सर्वांत बलाढ्य राजा म्हणून त्याचा दरारा होता. खाणं अफाट होतं. शिकारीसाठी तासन् तास घोड्यावर असायचा. आणि खाण्यावर उतारा म्हणून जुलाब आणि एनिमा यांचा मारा आयुष्यभर चालू राहिला. घोडेस्वारीने भगंदर होतं, एनिमाच्या नळीने झालं, पिसांच्या गाद्यांमुळे झालं, अशी अनेक कारणं त्या काळी सांगितली गेली. आज आपण तसं म्हणणार नाही. का, ते पुढे येईलच.

त्या जानेवारीच्या आधीच्या तीन वर्षांत राजाने वैद्यांचे दोन अनुभव घेतले होते. १६८३ च्या जुलैमध्ये त्याची राणी मारी-तेरेझ हिच्या बगलेत गळू झालं. गळवात पू असतो आणि त्याला बाहेर यायला वाट हवी असते, एवढी साधी गोष्ट. पण वैद्यांनी तिच्या शरीरातलं रक्त काढलं, वांतीचं औषध दिलं, आणि थोड्याच दिवसांत राणी गेली. वय चव्वेचाळीस. दुसरा अनुभव राजाच्या स्वतःच्या तोंडाचा. १६८५ मध्ये वरच्या जबड्याचे किडके दात उपटताना हाडाचा आणि टाळूचा तुकडाच निघून आला. भोक पडलं. पाणी प्यायलं की नाकातून येऊ लागलं. ते बुजवायला तापलेल्या लोखंडाने पुन्हा पुन्हा डागण्या दिल्या. राजाने तेही सोसलं.

मग जानेवारी १६८६. गुदद्वारापासून दोन-एक बोटांच्या अंतरावर गाठ लागली. सुरुवातीला दुखत नव्हती, मग वाढली, कडक झाली, घोड्यावर बसणं अशक्य झालं. हे गळू होतं.

गुदमार्गाच्या आत, दाराच्या कडेपासून दोन-एक सेंटिमीटरवर, बारीक ग्रंथींची तोंडं गोलाकार ओळीत असतात. सहा-आठ, कधी दहा. त्यांच्यातला स्राव मार्ग ओला ठेवतो. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की आत जंतू माजतात, पू होतो, आणि तो वाट काढत निघतो. गुदद्वाराभोवती दोन स्नायूंची कडी आहेत, एक आतलं आणि एक बाहेरचं. पू आधी त्या दोहोंमध्ये साचतो आणि तिथून बाहेर कातडीकडे सरकतो. ठणका लागतो, बसवत नाही, कधी थंडी वाजून ताप भरतो. बहुतेक भगंदरांची सुरुवात अशी आतून होते. घोडा, गादी किंवा खुर्ची यांचा त्यात दोष नसतो.

उपाय आजही तोच आहे, गळू वेळेत उघडून पू काढणं. अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर ते दिवसेंदिवस ढकलत राहिलं तर पू खोल शिरतो. मधुमेह असलेल्या माणसाची साखर चढलेली असेल तर हेच गळू झपाट्याने पसरून आजूबाजूची कातडी आणि मांस काळं पाडतं, आणि मग प्रश्न जीवाचा होतो. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात असे रुग्ण येतात. आठ-दहा दिवस घरी लेप लावून, गाठ शेकून, कुणाला न सांगता काढलेले असतात.

राजाच्या गळवालाही लेपच लावले गेले. फेब्रुवारीत ते उघडलं, पू निघाला, बरं वाटलं. पण छिद्र पुरतं भरेना. पुन्हा पाझरू लागलं, पुन्हा सुजलं. उन्हाळ्यापर्यंत स्पष्ट झालं की आत गुदमार्गापर्यंत नळी तयार झाली आहे. म्हणजे भगंदर. गळू निचरलं तरी साधारण तिघांतल्या एकाला तरी पुढे असं होतं. आतलं तोंड उघडं राहतं, बाहेरचं मधूनमधून बुजतं. बुजलं की ठणका, फुटलं की आराम, आणि कपड्याला डाग. हा खेळ वर्षानुवर्षं चालू शकतो. आराम वाटतो त्या दिवसांत माणूस समजतो की आता संपलं.

दाकँ तेव्हा मुख्य राजवैद्य होता. शस्त्रक्रिया टाळण्यासाठी जे जे करता येईल ते त्याने केलं. पिरेनीज पर्वतात बारेज नावाच्या गावी गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्याने भगंदर बरं होतं अशी ख्याती होती. राजाला तिकडे नेण्याचं ठरत होतं. आधी खात्री करावी म्हणून हेच दुखणं असलेले काही रुग्ण सरकारी खर्चाने तिथे पाठवले. ते पाण्यात बसून, पाणी पिऊन, पाण्याच्या पिचकाऱ्या घेऊन परत आले. नळ्या जशाच्या तशा. मग कुणा साधूचं मलम, कुणाचं खास पाणी, तेही आधी दुसऱ्यांवर आजमावून झालं. गंमत म्हणजे राजाच्या जिवाच्या काळजीने का होईना, औषध आधी तपासून मग द्यावं ही समज त्या दरबारात आली होती.

शस्त्रक्रियेची भीती निराधार नव्हती. भूल नव्हती, ईथरची पहिली जाहीर भूल १८४६ ची, म्हणजे अजून १६० वर्षं दूर. जंतूंची कल्पना नव्हती. आणि चुकून स्नायूचं कडं जास्त कापलं गेलं तर राजाला मलावर ताबा राहणार नव्हता. व्हर्सायच्या सगळ्या रिवाजांसमोर तो रोजचा अपमान ठरला असता. भगंदराच्या शस्त्रक्रियेतला खरा पेच आजही हाच आहे. नळी उघडावी तर ती पुरती उघडली पाहिजे, आणि स्नायू तर वाचला पाहिजे.

ही शस्त्रक्रिया तेव्हा नवी होती असं मात्र नाही. ग्रीक वैद्य नळीतून दोरा ओवून तो हळूहळू आवळत. सुश्रुताने मूळव्याध आणि भगंदर या दोहोंना आठ महाव्याधींत बसवलं, भगंदराचे पाच प्रकार सांगितले, आणि शस्त्र व क्षार या दोन्हींचे उपाय लिहिले. इंग्लंडात चौदाव्या शतकात जॉन ऑफ आर्डर्न नावाचा सर्जन याच शस्त्रक्रियेसाठी नावाजलेला होता. विद्या होती, पण फ्रान्समध्ये तिच्यातला हात बसलेला नव्हता. सर्जन हा वर्गच मुळी न्हाव्यांच्या बरोबरीचा समजला जाई. पदवीधर वैद्य लॅटिनमध्ये चर्चा करत, सर्जनने सांगितलं तेवढं कापायचं.

राजाचा मुख्य सर्जन होता शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स. त्याने शस्त्रक्रियेचा आग्रह धरला, पण भगंदर त्याने स्वतः कधी उघडलं नव्हतं. मग त्याने जुने ग्रंथ चाळले, एक नवं हत्यार बनवून घेतलं, आणि सराव केला. सराव कुणावर? धर्मादाय रुग्णालयांतल्या गरीब रुग्णांवर. काही महिने हे चाललं. त्यातले काही दगावले. इतिहासाने राजाच्या जखमेचा एकेक छेद मोजून ठेवला आहे; त्या माणसांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांना कितपत विचारलं गेलं असेल, त्यातल्या किती जणांना खरोखर भगंदर होतं, हे प्रश्न तेव्हा कुणाला पडलेही नाहीत. राजाची जखम भरली ती त्यांच्या जिवावर, हे या चरित्रात लिहिलंच पाहिजे.

नवं हत्यार साधं पण डोकेबाज होतं. वाकडं, अरुंद पातं आणि त्याच्या टोकाला लांब, बोथट, लवचीक सळई. सळई बाहेरच्या छिद्रातून आत घालायची, नळीतून सरकवत गुदमार्गात काढायची, आत घातलेल्या बोटाने तिचं टोक धरून बाहेर ओढायचं. मागोमाग पातं येतं आणि नळीचं छत एका झटक्यात कापलं जातं. पात्याच्या धारेवर पातळ आवरण होतं, म्हणजे आत जाताना इजा नको. या बिस्तुरीला पुढे राजाचंच नाव पडलं.

१८ नोव्हेंबर १६८६, सोमवार, सकाळी सातची वेळ. ठिकाण व्हर्साय, राजाचं शयनगृह. खोलीत युद्धमंत्री लुव्हवा, राजाने गुपचूप लग्न केलेली मादाम द मँतनों, धर्मगुरू ला शेझ, दाकँ, फागों, मदतीला पॅरिसचा सर्जन बेसिएर आणि औषधं बनवणारे चौघे. बाकी राजवाड्याला पत्ता नव्हता. युवराज शिकारीला गेला होता. राजाला पलंगाच्या कडेला पालथं घातलं, पोटाखाली उशी, पाय फाकवून दोघांनी धरलेले. फेलिक्सने बिस्तुरीचे दोन छेद घेतले आणि आतल्या कडा साफ करताना कात्री आठ वेळा चालवली. राजा ओरडला नाही. जखमेत कापडाची वात भरली. तासाभराने, त्या काळच्या रीतीप्रमाणे, हाताची शीर उघडून रक्तही काढलं!

त्याच दिवशी त्याने पलंगावरून मंत्र्यांची बैठक घेतली. दुसऱ्या दिवशी परदेशी वकिलांना भेट दिली. घाम फुटलेला चेहरा त्यांनी पाहिला. यामागे राजकारण होतं. त्याच वर्षी जुलैत युरोपातल्या अनेक सत्तांनी त्याच्याविरुद्ध आउग्सबुर्गचा करार केला होता, आणि राजा खंगतोय ही बातमी त्यांना हवीच होती.

पण गोष्ट तेवढ्यावर संपली नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला जखमेच्या तळाशी कडकपणा आढळला. वरून भरतेय आणि खाली पोकळी राहतेय, अशी शंका आली. मग आणखी कापाकापी झाली, एकदा नव्हे, काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा, आणि नोंदींवरून दिसतं की हे दिवस त्याला पहिल्या सकाळपेक्षा जड गेले. भगंदराच्या जखमेला टाके घालून वरून मिटवत नाहीत. ती खालून वर भरू द्यावी लागते, त्याला आठवडे जातात, आणि ड्रेसिंगचा कंटाळा करून चालत नाही. फेलिक्सला ते उमगलं होतं. जानेवारीत जखम भरली. ३० जानेवारी १६८७ ला राजा पॅरिसच्या नगरभवनात मेजवानीला गेला आणि वसंतात पुन्हा घोड्यावर बसला. मलावरचा ताबा शाबूत होता. नळी बहुधा उथळ असावी, स्नायूचा थोडाच भाग तिच्या आवाक्यात आला असावा; नाहीतर हाच उपाय महागात पडता.

या आनंदाने एक बळीही घेतला. दरबारी संगीतकार जाँ-बातिस्त ल्युली याने राजा बरा झाल्याबद्दल ८ जानेवारी १६८७ ला पॅरिसच्या एका चर्चमध्ये स्तोत्रगायन बसवलं. तेव्हा ताल धरायला जड काठी जमिनीवर आपटत. ती त्याच्या पायाच्या बोटावर बसली. जखम चिघळली, गँगरीन वर चढलं, आणि २२ मार्चला ल्युली गेला. एक जखम भरली, तिच्या कौतुकात दुसरी झाली.

बक्षिसं वाटली गेली. फेलिक्सला दीड लाख लिव्र, शिवाय जहागीर आणि सरदारकी. दाकँला एक लाख. कापणाऱ्याला सांगणाऱ्यापेक्षा जास्त मिळालं, असं फ्रान्समध्ये यापूर्वी घडलं नव्हतं. पॅरिसच्या शाही उद्यानात शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या दियोनी या सर्जनने आणखी एक नवल लिहून ठेवलं आहे. ज्या दुखण्याबद्दल लोक तोंड उघडत नसत, ते आता मोठेपणाचं झालं. जरासा ओघळ किंवा साधी मूळव्याध असलेले दरबारी येऊन आपल्यावरही तीच शस्त्रक्रिया करा म्हणू लागले. असे तीसपेक्षा अधिक जण त्याने पाहिले, आणि गरज नाही म्हटल्यावर ते चक्क रागावले.

हसू येतं, पण या हट्टामागे एक चूक आहे, आणि ती आजही होते. गुदद्वाराशी काहीही झालं की त्याला एकच नाव द्यायचं. आपल्याकडे ते नाव मूळव्याध. रक्त पडलं, मूळव्याध. आग झाली, मूळव्याध. पू आला, तरी मूळव्याध. खरं तर लक्षणं पुष्कळदा वेगळी सांगतात. मूळव्याधीत शौचाबरोबर लालभडक रक्त पडतं, कधी पिचकारीसारखं, आणि बहुधा दुखत नाही. कोंब बाहेर येऊन आत जातो. रोज थोडंथोडं रक्त जाऊन माणूस पांढराफटक पडतो, चार पायऱ्यांत दम लागतो, तरी कारण सांगत नाही. फिशर म्हणजे चीर. तिच्यात शौचाच्या वेळी सुरी फिरल्यासारखं दुखतं आणि ती कळ तास-दोन तास टिकते. भीतीने माणूस शौच रोखतो, मग खडा होतो आणि चीर वाढते. कोमट पाण्यात बसणं, भाजीपाला, इसबगोल, भरपूर पाणी आणि लावायचं मलम यांनी ताजी चीर बहुतेक वेळा भरते. भगंदरात ओघळ आणि पू हे मुख्य; ते पथ्याने जात नाही.

आणि चौथी शक्यता, जिच्यासाठी हे सगळं वेगळं ओळखायचं. मलाशयाच्या कॅन्सरमध्येही रक्तच पडतं. शौचाची सवय बदलली, जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटत राहिलं, शेम पडू लागली, वजन उतरलं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, किंवा वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, तर मूळव्याधीचं मलम पुरे नाही. बोटाने तपासणी आणि दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला हवी. बोटाची तपासणी एका मिनिटाची असते. ती न करता महिनोन् महिने औषध घेत राहिलेले रुग्ण फार उशिरा पोहोचतात. भगंदर वारंवार उलटत असेल, तोंडं अनेक असतील, तर क्षयरोग किंवा क्रोन्ससारखा आतड्याचा आजार आहे का हेही बघावं लागतं; कापून काढलेला तुकडा तपासायला पाठवतात तो त्यासाठी.

उथळ नळी आजही फेलिक्सच्याच पद्धतीने, पण भूल देऊन, उघडतात. नळी खोल असेल तर आधी एमआरआय काढून तिची वाट पाहतात, मग दोरा घालून ठेवणं किंवा स्नायू न कापता आतलं तोंड बंद करणं असे मार्ग असतात. जाणकार हातातलं क्षारसूत्रही उपयोगी ठरतं. रस्त्याकडेच्या पाटीवरचा बिनऑपरेशनचा एका दिवसातला इलाज मात्र स्नायूच जाळून ठेवतो, आणि मग तो परत जोडणं कठीण असतं.

फेलिक्स १७०३ मध्ये वारला. त्या सकाळनंतर त्याच्या हाताला कंप सुटला आणि त्याने पुन्हा सुरी धरली नाही, असं सांगतात. त्याच्या जागी मारेशाल आला. सर्जनांची प्रतिष्ठा वाढतच गेली. १७३१ मध्ये त्यांची स्वतंत्र अकादमी उभी राहिली आणि १७४३ मध्ये न्हाव्यांशी असलेला त्यांचा संबंध कायद्याने तुटला.

१७१५ च्या ऑगस्टमध्ये राजाचा डावा पाय दुखू लागला. मुख्य राजवैद्य आता फागों होता. त्याने सायटिका म्हटलं. मारेशालला काळजी वाटत होती, पण त्याचं ऐकलं गेलं नाही. पायावर काळे डाग आले, गँगरीन वर सरकलं, आणि १ सप्टेंबरला सकाळी राजा गेला. सत्त्याहत्तरावा वाढदिवस चार दिवसांवर होता. भगंदर मात्र त्या २९ वर्षांत पुन्हा उलटलं नव्हतं.